म्हणेचा रकाना

गेल्या श्रावणात एका रात्री मी विकिडेटावर दोन हेंगिस्टांचा एक हेंगिस्ट केला. दोन नोंदी, नाव एकच, काळ साधारण तोच, दोघंही टोळीचे म्होरके. मला वाटलं, कुणीतरी एकाच माणसाची दोनदा नोंद केलीय. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कॅटलॉगिंग केलेल्या बाईला दुहेरी नोंद दिसली की हात शिवशिवतात. ‘विलीन करा’वर टिचकी मारली, दिवा मालवला आणि झोपले. सकाळी पाहते तर कुणीतरी ते सगळं उलटवलेलं, आणि माझ्या चर्चापानावर एकच ओळ: हे दोघे एकच आहेत असं नेमकं कोण म्हणतं?

आधी रागच आला. मग चहा गाळताना लक्षात आलं की या प्रश्नाला माझ्याकडे ‘मी म्हणते’ याखेरीज उत्तर नव्हतं.

विकिडेटा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विकिपीडियाचंच हे भावंड, ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेलं. इथे लेख नसतात, रकाने असतात. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक. विश्व क्यू १, माणूस क्यू ५. अशा दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीचा पहिला सवाल असतो, ही वस्तू कशापैकी आहे? नदी, गाव, कादंबरी, माणूस? त्यानंतर जन्म, मृत्यू, वडील, मुलं, पद. ग्रंथालयातल्या कार्डाच्या कपाटाला कुणीतरी विजेचे पंख लावावेत, तसं हे काम. निवृत्तीनंतर मी यात रमले, कारण इथे कुणी ‘बाई, झेरॉक्स कुठे मिळेल’ असं विचारायला येत नाही.

इंग्लंडच्या जुन्या राजांकडे मी वळले ती बहिणीमुळे. ती केंटमध्ये राहते. तिच्या गावात बसच्या थांब्यापासून शाळेच्या स्वेटरपर्यंत जिकडे तिकडे एक पांढरा घोडा असतो, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला. हा केंट परगण्याचा घोडा. का बरं घोडा, म्हणून शोधायला गेले आणि हेंगिस्ट-होर्सा भेटले. हेंगिस्ट म्हणजे वळू घोडा. जर्मन आणि डच भाषांत आजही त्याला ‘हेंग्स्ट’च म्हणतात. होर्सा म्हणजे, अर्थातच, घोडा. दोघं भाऊ. ब्रिटनचा राजा व्होर्टिगर्न याला उत्तरेकडच्या टोळ्यांनी बेजार केलं, म्हणून त्याने समुद्रापलीकडून भाडोत्री लढवय्ये बोलावले. ते तीन जहाजांतून आले, शत्रू हाकलला, आजूबाजूची सुपीक जमीन पाहिली आणि यजमानावरच उलटले. इंग्लंडला इंग्लंड करणाऱ्या अँगल आणि सॅक्सन लोकांची ही पहिली पावलं. पाहुणा म्हणून आला आणि घरधनी झाला, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

घोडा नावाचे दोन भाऊ म्हटल्यावर मला तर अश्विनीकुमारच आठवले. नंतर कळलं की पंडितांनाही ते कधीच आठवून गेलेत. घोड्यांशी नातं असलेली जुळी भावंडं वेदांत आहेत, ग्रीकांत आहेत, आणि हे केंटचे दोघे त्याच ओळीत बसतात असा जुना तर्क आहे. तर आता सांगा, क्यू ५ की देव?

याचं उत्तर शोधायला मी मुळाकडे गेले. सगळ्यात जवळचा साक्षीदार गिल्डस, सहाव्या शतकातला ब्रिटन, म्हणजे बेटावरच्या मूळ लोकांपैकी एक साधू. तो तीन जहाजं सांगतो, ‘गर्विष्ठ जुलमी’ राजा सांगतो, विश्वासघात सांगतो. हेंगिस्टचं नाव मात्र सांगत नाही. होर्साचंही नाही. नावं पहिल्यांदा येतात ती बीडच्या इतिहासात. बीड हा उत्तरेतल्या जॅरोच्या मठातला संन्यासी. त्याने ७३१ मध्ये इंग्रज लोकांच्या धर्माचा इतिहास पुरा केला. म्हणजे घटनेनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी. तिथे या दोन भावांचं वाक्य लॅटिनमध्ये असं काहीसं आहे: त्यांचे पहिले नायक हेंगिस्ट आणि होर्सा हे दोन भाऊ होते असं सांगितलं जातं. ‘सांगितलं जातं’ यासाठी बीडचा एक शब्द आहे, ‘पेरहिबेन्तुर’.

भाषांतरं चाळताना मी या शब्दावर अडले. असं सांगितलं जातं, असं मानतात, अशी वदंता आहे. सगळं बरोबर आणि सगळं जड. मग एकदम आजी आठवली. आमच्या गावच्या विहिरीबद्दल ती म्हणायची, ‘तळाशी सोन्याची कढई हाय म्हणं.’ बस. एवढा एकच शब्द वाक्याच्या शेवटी. तो लावला की सांगणारी खोटं बोलत नाही आणि शपथही घेत नाही. ती कढई खरी आहे असा तिचा दावा नाही. नाही असाही नाही. कुणीतरी तिला सांगितलं, ती तुम्हाला सांगतेय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. होते म्हणे दोघे भाऊ. हेंगिस्ट म्हणे, आणि होर्सा म्हणे. बीड जवळजवळ तेराशे वर्षांपूर्वी बरोब्बर आजीसारखं बोलत होता.

आणि तो सावध माणूस होता. केंटची माहिती आपल्याला कोणी दिली हेसुद्धा त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. कँटरबरीचा मठाधिपती अल्बिनस याने कळवली, लंडनचा पुरोहित नोथेल्म ती घेऊन आला. इतकी स्वच्छ संदर्भसूची आजकालच्या प्रबंधांतही दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगते. बीड पुढे लिहितो की होर्सा ब्रिटनांशी लढताना मारला गेला आणि पूर्व केंटमध्ये त्याच्या नावाची खूण अजून उभी आहे. यावर अभ्यासकांनी एक मजेशीर शंका काढलीय. रोमन फौजेच्या तुकडीला लॅटिनमध्ये ‘कोहोर्स’ म्हणत. एखाद्या मोडक्या रोमन दगडावर आधीची अक्षरं झिजून नुसतं ‘होर्स’ उरलं असेल, आणि लोकांनी त्याचाच वीर केला असेल तर? शंकाच आहे, पुरावा नाही. पण तीही म्हणेच्याच जातीची असल्याने मला ती आवडते.

गंमत पुढे होते. बीडनंतर दीडेकशे वर्षांनी, वेसेक्स या दक्षिणेकडच्या राज्याचा राजा आल्फ्रेड याच्या काळात, अँग्लो-सॅक्सन बखर लिहिली गेली. वर्षावर्षाच्या नोंदी, आपल्या शकावलीसारख्या. आणि या बखरीत ‘म्हणे’ गळालेलं आहे. ४४९: हेंगिस्ट आणि होर्सा उतरले. ४५५: व्होर्टिगर्नशी लढाई, होर्सा पडला. ४५७: क्रेफर्डला लढाई, चार हजार माणसं मारली. ४६५: बारा ब्रिटन सरदार मारले. ४७३: ब्रिटन लोक आगीपुढून पळावेत तसे पळाले. सगळं ठाम. आकडा आहे, गाव आहे, मेलेल्यांची मोजदाद आहे. वाचणाऱ्याला वाटेल, लढाईच्या टोकाला कारकून वही घेऊन उभा होता. त्या काळी हे लोक लिहीतच नव्हते, थोडीफार रून अक्षरं कोरण्याखेरीज. ४५७, ४६५, ४७३. वजाबाकी करून पाहा. आठ, आठ. लढाया काय बाजाराच्या दिवसासारख्या ठरलेल्या होत्या?

वेसेक्सच्या घराण्याचा मूळपुरुष सर्डिक, त्याचं तर त्याहून पुढचं. तो ४९५ मध्ये पाच जहाजांनी आला. पुढे ५१४ मध्ये वेस्ट सॅक्सन लोक तीन जहाजांनी पुन्हा आले, त्याच ठिकाणी. मधलं अंतर एकोणीस वर्षांचं, आणि मठांत ईस्टरची तारीख काढायची कोष्टकं एकोणीस वर्षांच्याच चक्राची असत. एकच कथा दोन ओळींत चढली असावी, असं अभ्यासक म्हणतात ते उगाच नाही. कॅटलॉगिंगवालीला ही चूक परकी वाटत नाही. मीही एकदा एक कादंबरी दोन वर्षांच्या खातेवहीत चढवली होती, आणि हिशेबात एक प्रत जास्त निघाली म्हणून दोन दिवस कपाटं उपसली होती. शिवाय सर्डिक हे नाव जर्मनिक वाटतच नाही, ते ब्रिटनांच्या बाजूचं आहे. ज्यांना हरवून राज्य मिळवलं त्यांचंच नाव मूळपुरुषाला कसं, हा प्रश्न बखर विचारत नाही.

या सगळ्यांत माझा लाडका पोर्ट. ५०१ सालच्या नोंदीत तो येतो आणि त्याच नोंदीत संपतो. पोर्ट आणि त्याचे दोन मुलगे, बीडा आणि मेग्ला, दोन जहाजं घेऊन पोर्ट्समथला उतरले आणि त्यांनी एका तरुण, फार थोर ब्रिटनाला मारलं. एवढंच. आता पोर्ट्समथ म्हणजे बंदराचं मुख. ‘पोर्टुस’ हा बंदरासाठीचा साधा लॅटिन शब्द. शेजारी पोर्चेस्टरला रोमनांचा किल्ला अजून उभा आहे. गावाचं नाव आधीपासून होतं, नावाचा अर्थ विसरला गेला, मग कुणीतरी नावाला साजेसा माणूस बनवला. आइल ऑफ वाइटला रोमन लोक व्हेक्टिस म्हणत. बखरीने त्याला विटगार दिला. नेटलीच्या बाजूला ओलसर रान होतं, त्या ‘ओल्या राना’चाच नॅटनलिओड नावाचा राजा झाला, आणि ५०८ मध्ये सर्डिकने त्याला पाच हजार माणसांसकट कापलं. रान कापलं म्हणायचं की राजा?

विकिडेटात ‘कशावरून नाव पडलं’ असा एक गुणधर्म आहे. पोर्ट्समथच्या नोंदीत तिथे पोर्ट लिहायचा, की पोर्टच्या नोंदीत पोर्ट्समथ? बखरीप्रमाणे बाण एकीकडे जातो, भाषाशास्त्राप्रमाणे उलटा. मी एक संध्याकाळ या बाणापायी घालवली. शेवटी दोन्हीकडे लिहिलं, प्रत्येकाखाली कोण म्हणतं ते घातलं. त्या बिचाऱ्या थोर तरुणाचा मात्र कुठेच पत्ता नाही. त्याला नाव नाही, म्हणून नोंद नाही. मला आपलं वाटत राहतं की त्या ओळीत खरंखुरं हाडामांसाचं कुणी असेल तर तोच असेल. बंदरावरून माणूस बनवता येतो, पण बिननावाचा मेलेला पोरगा कोण कशाला बनवेल?

नावं मागाहून कशी चिकटतात त्याचा आणखी एक मासला म्हणजे हेंगिस्टची मुलगी. नवव्या शतकातल्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’मध्ये ती येते. बापाच्या मेजवानीत व्होर्टिगर्नला मद्य वाढते, राजा भुलतो, तिच्या बदल्यात अख्खं केंट देऊन टाकतो. तिथे ती नुसती ‘मुलगी’ आहे. तीनशे वर्षांनी जेफ्री ऑफ मॉनमथ तीच गोष्ट पुन्हा सांगतो तेव्हा तिला रोवेना हे नाव मिळतं. म्हणजे आधी लग्न, मग पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावर बारसं. त्याच जुन्या पुस्तकात सलोख्याच्या जेवणावळीत सॅक्सनांनी बुटात सुरे लपवून तीनशे ब्रिटन सरदार मारल्याची हकिगत आहे. आणि गंमत अशी की लॅटिन मजकुरात हेंगिस्टचा इशारा मात्र त्याच्याच बोलीत दिलाय: सुरे काढा! भाषांतर न करता सोडलेले ते दोन-तीन शब्द वाचताना क्षणभर खरंच कुणीतरी ओरडल्यासारखं वाटतं. कथा सांगणाऱ्याचं कसब ते. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

वडिलांच्या रकान्याकडे आले तेव्हा खरी पंचाईत झाली. बीड सांगतो की हे दोघे विटगिल्सचे मुलगे, तो विट्टाचा, तो वेक्टाचा, आणि वेक्टा वोडनचा. वोडन म्हणजे उत्तरेकडचा ओडिन, देवांचा राजा. बीडने इथेही आवाज चढवलेला नाही. अनेक राजघराणी याच वोडनपासून निघाली, एवढंच तो नोंदवतो. विकिडेटात ‘वडील’ हा रकाना साखळीसारखा असतो. एकाला धरून मागे मागे जात राहिलं की संगणक सगळे पूर्वज काढून देतो. आणि मागच्या बाजूला वेसेक्सच्या वंशावळी तर वोडनवरही थांबत नाहीत. आल्फ्रेडच्या वडिलांची वंशावळ बखरीत ८५५ च्या नोंदीखाली आहे. ती वोडन ओलांडते, पुढे नोहाच्या तारवातच जन्मलेल्या एका पूर्वजाला गाठते आणि आदमपर्यंत जाते. बायबलला या तारवातल्या बाळंतपणाची काही खबर नाही. सगळे दुवे डोळे मिटून भरले तर आजच्या ब्रिटिश राजघराण्यापासून निघून आदमपर्यंत एक टिचकी.

आमच्या सांगली भागात सुगीला हेळवी यायचा. बैल, पोथ्या, घंटेचा आवाज. ओट्यावर बसून तो आमच्या घराण्याची नावं म्हणायचा. आज्जा, पणजा, खापरपणजा, कुणाला किती मुलगे, कोण गाव सोडून कुठे गेला. पाच-सहा पिढ्यांपर्यंत नावं कशी ओबडधोबड असायची, धोंडी, भाऊ, मल्लू, माणसांसारखी. त्यापुढे एकदम सूर बदलायचा, नावं संस्कृत व्हायची आणि आणखी थोडं पुढे गेलं की गाडी थेट सूर्यापाशी. आजोबा ऐकून घेत, मान डोलवत आणि पायलीभर ज्वारी देत. लहानपणी मी विचारलं होतं, आपण खरंच सूर्याचे? आजोबा म्हणाले, ‘धोंडीपतोर खरं. फुडचं त्येच्या बैलाच्या वैरणीसाठी.’

केंटच्या राजांच्या दरबारातही कुणीतरी हेळवी असणारच. त्यांचा ‘धोंडी’ कुठे येतो हे मात्र ठरवता येतं. बीडने दुसऱ्या एका जागी सांगितलंय की हेंगिस्टच्या मुलाचं टोपणनाव ओइस्क होतं आणि केंटच्या राजांना त्यावरून ओइस्किंग म्हणत. म्हणजे घराणं स्वतःला हेंगिस्टचं म्हणवत नव्हतं! मूळपुरुष जर हेंगिस्ट, तर घराण्याचं नाव त्याच्या पोरावरून का? मला वाटतं, ओइस्क हा घराण्याचा आपला जुना पुरुष असावा आणि नावाजलेला हेंगिस्ट वर नंतर जोडला असावा. हे माझं वाटणं झालं; तसं वाटणारी मी पहिली नाही, पण विकिडेटात वाटण्याला जागा नाही.

आपण हसायचं कारण नाही. दर पाडव्याला नव्या पंचांगावर शालिवाहन शके छापून येतं. पैठणचा हा कुंभाराघरचा पोर, मातीचे सैनिक केले, त्यांत प्राण फुंकले आणि शत्रू हरवला. शक ७८ साली सुरू झाला हे खरं. तो कुणी सुरू केला यावर वाद आहेत, आणि शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनी जोडलं गेलं हेही खरं. तरी लग्नपत्रिकेवर तो आहेच. त्याचा क्यू ५ करायचा का, हे ठरवायला मी अजून धजावलेली नाही. तिथे आपलीच माणसं भांडायला येतील.

दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे गेले तेव्हा ती आणि भाचा मला पेगवेल बेला घेऊन गेले. थॅनेटच्या दक्षिणेला हा उथळ उपसागर. ओहोटी होती, मैलभर चिखल, त्यावर चोची खुपसत फिरणारे पाणपक्षी, समुद्र कुठेतरी पलीकडे एका करड्या रेघेसारखा. एकेकाळी थॅनेट हे बेट होतं, मधली खाडी गाळाने भरून गेली आणि ते मुख्य भूमीला चिकटलं. बखरीतलं हेंगिस्टचं उतरण्याचं ठिकाण, एब्सफ्लीट, ते इथेच जवळ. ५९७ मध्ये ख्रिस्ती धर्म घेऊन आलेला संत ऑगस्टिनही इथेच उतरला म्हणतात, त्याच्या नावाचा दगडी क्रूस आहे. आणि ज्युलियस सीझर इथेच उतरला असावा असा पुरावा सापडल्याचं २०१७ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केलं. एका चिखलात तीन स्वाऱ्या. दादरच्या प्लॅटफॉर्मवर सगळ्या गाड्या थांबतात तसं.

रस्त्याच्या कडेला गवतावर एक जहाज उभं आहे. लाकडी, लांबलचक, तोंडाशी ड्रॅगनचं डोकं, बाजूला रंगीत ढाली. नाव हुगिन. हेंगिस्ट-होर्साच्या आगमनाला १५०० वर्षं झाली म्हणून १९४९ मध्ये त्रेपन्न डेन लोक ते वल्हवत डेन्मार्कहून केंटला घेऊन आले. मी फलक वाचला आणि मला हसू फुटलं. हे जहाज गोकस्टाडच्या व्हायकिंग जहाजाची नक्कल आहे, आणि गोकस्टाडचं जहाज नवव्या शतकाच्या शेवटचं. म्हणजे हेंगिस्ट आला असेल तर त्याच्यानंतर चारशे वर्षांनी जन्मलेल्या जहाजातून त्याचं स्वागत. बखर लिहिणाऱ्या आल्फ्रेडच्या माणसांना असली जहाजं चांगलीच माहीत होती. त्यांच्याच किनाऱ्यावर ती लूटमार करत होती. हुगिन हे ओडिनच्या कावळ्याचं नाव. खापरपणज्याचा कावळा खापरपणतवांच्या स्वागताला.

भाचा नऊ वर्षांचा. त्याला मराठी कळतं, बोलताना तो पायरी चुकल्यासारखा अडखळतो. म्हणाला, ‘मावशी, ते यातूनच आले का?’ मी म्हटलं, ‘तीन जहाजांतून आले म्हणे.’ तो म्हणाला, ‘कोण म्हणे?’ म्हणजे शब्दशः, म्हणणारा माणूस कोण, असं. मी सांगायला गेले की इथे ‘म्हणे’ म्हणजे कुणी एक नाही. बहीण मदतीला आली, तिने दोन-तीन इंग्रजी शब्द लावून पाहिले. एकात शंका जास्त होई, एकात खात्री. तोवर तो ढाली मोजायला पळाला होता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १७७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राजमुद्रेवर काय असावं याची चर्चा चालू होती. थॉमस जेफरसनने सुचवलं, एका बाजूला वाळवंटातले इस्रायली लोक आणि दुसऱ्या बाजूला हेंगिस्ट आणि होर्सा, आपण ज्यांचे वंशज असल्याचा मान मिरवतो ते सॅक्सन नायक. जॉन ॲडम्सने बायकोला लिहिलेल्या पत्रात हे आहे. मुद्रेवर शेवटी गरुड आला. पण एका राजाचं जोखड फेकून देणाऱ्या माणसाला आपला मूळपुरुष म्हणून विश्वासघातकी भाडोत्री सैनिक का हवासा वाटावा, याचं मला नवल वाटतं.

तर माझ्या विलीन केलेल्या दोन हेंगिस्टांकडे परत येते. दुसरा हेंगिस्ट ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात भेटतो. फ्रिशियन राजा फिनच्या घरी डेन पाहुण्यांवर हल्ला होतो, त्यांचा म्होरक्या मरतो, उरलेल्यांना हेंगिस्ट सांभाळतो. थंडीने समुद्र अडलेला, म्हणून सबंध हिवाळा तो शत्रूच्याच छताखाली काढतो, सूड पोटात ठेवून. त्याच प्रसंगाचं आणखी एक त्रोटक काव्य १७०५ मध्ये छापलं गेलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. ज्या पानावर ते होतं ते पान पुढे हरवलं. हा हेंगिस्ट आणि केंटचा हेंगिस्ट एकच, असं मानणारे मोठे अभ्यासक झालेत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टोल्किनही त्यांतला, त्याची यावरची व्याख्यानं १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणजे माझ्या चर्चापानावरच्या प्रश्नाला उत्तर होतं. मी ते द्यायला हवं होतं, बटण दाबायला नको होतं. त्यासाठी वेगळा गुणधर्मच आहे, ‘हाच तो असं म्हटलं जातं’. दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या आणि मध्ये हा दोरा बांधायचा. मी बांधला. खाली संदर्भ दिला. उलटवणाऱ्याला आभाराचं बटण दाबलं. तो, किंवा ती, कोण आहे हे मला आजही माहीत नाही.

उलट अडचणही असते. विकिपीडियाच्या बऱ्याच भाषांत दोघा भावांवर मिळून एकच लेख आहे, तर विकिडेटात हेंगिस्ट वेगळा, होर्सा वेगळा आणि जोडी वेगळी. या घोळाला तिथली मंडळी अमेरिकेतल्या एका दरोडेखोर जोडप्यावरून ‘बॉनी आणि क्लाइडचा प्रश्न’ म्हणतात. बैलजोडीला दावं एक की दोन, एवढाच तो प्रश्न.

आणि हो, ‘म्हणे’साठी रकाना नाही असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, ते चूक निघालं. आहे. मुख्य विधानाच्या खाली छोट्या अक्षरात पुस्ती जोडता येते: वादग्रस्त, अंदाजे, कथित. ‘माणूस’ऐवजी ‘ज्याच्या अस्तित्वाबद्दल वाद आहे असा माणूस’ हाही पर्याय आहे, ‘दंतकथेतली व्यक्ती’ हाही. मी हौसेने सगळं लावलं. मग एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवलं की ही माहिती उचलणारे बहुतेक जण वरचं विधान तेवढं घेतात, खालची पुस्ती मागेच राहते. पाचवं शतक असं लिहिलं तरी आत एक वर्ष साठवलेलं असतं, आणि अचूकतेची खूण न वाचणाऱ्याला ते वर्षच दिसतं. बीडचं ‘पेरहिबेन्तुर’ बखरीत पोचलं नाही, माझं ‘कथित’ कुणाच्या तरी फोनमधल्या बोलक्या बाईपर्यंत पोचत नाही.

मर्सिया या इंग्लंडच्या मधल्या भागातल्या जुन्या राज्याचा राजा ओफ्फा, ७५७ ते ७९६ राज्य करणारा, त्याला हा त्रास नाही. त्याची नाणी आहेत. त्यातलं एक सोन्याचं तर अब्बासी खलिफांच्या दिनारची नक्कल, अरबी अक्षरांच्या मध्ये ‘ओफ्फा राजा’ असं लॅटिनमध्ये, तेही अरबीच्या मानाने उलटं. अरबी न वाचता येणाऱ्या कारागिराच्या हातची ती चूकच या राजाचा भक्कम पुरावा. त्याच्या वंशावळीत बरंच वर आणखी एक ओफ्फा आहे, समुद्रापलीकडच्या अँगल लोकांचा राजा. त्याचं नाणं नाही, काव्य आहे.

शेवटी मृत्यूचे रकाने उरले. हेंगिस्टच्या पुढे जिथे तिथे ४८८ लिहिलेलं सापडतं. बखर उघडून पाहिली. ४८८ खाली एवढंच आहे की एस्क, म्हणजे बीडचा ओइस्क, गादीवर बसला आणि त्याने चोवीस वर्षं राज्य केलं. हेंगिस्ट मेला असं बखर कुठेच म्हणत नाही. ते आपण वजाबाकीने काढलंय. मी ४८८ काढलं नाही, त्याखाली ‘यावरून अनुमान’ असं जोडलं आणि पोर्टकडे गेले. रिकाम्या रकान्यात विकिडेटा दोन पर्याय देतो. ‘अज्ञात’ म्हणजे तो मेला, कधी ते माहीत नाही. ‘काहीच नाही’ म्हणजे त्याला मरण नाहीच. वोडनला दुसरा चालून गेला असता. पोर्टला अज्ञात म्हणावं तर तो जगला असं मी म्हटल्यासारखं होतं, आणि काहीच नाही म्हणावं तर बंदराला अमर केल्यासारखं. बराच वेळ बसले. बाहेर पाऊस थांबला होता, पागोळ्या चालू होत्या. मग रकाना न भरताच पान बंद केलं.